‘अकरा मिलिमीटर, नॉर्मल’: पाळी जायच्या वयातल्या रक्तस्रावाचं एक प्रकरण

धनकवडीत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक बाई, वय ५१. दीड वर्षापासून पाळी बिघडलेली. दोन-दोन महिने पत्ता नाही आणि आली की बारा-पंधरा दिवस हटत नाही, मध्ये गाठी पडायच्या. माझ्याकडे येण्याआधीच्या तीन महिन्यांत तर रोज थोडंफार अंगावरून जातच होतं. हिमोग्लोबिन ८.६. वजन ८४ किलो, उंची १५५ सें.मी., म्हणजे बीएमआय ३५ च्या घरात. सात वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन चालू, तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.९. रक्तदाबाची एक गोळी. मुलगी एकच, तीही लग्नानंतर सहा वर्षांनी, अंडं तयार होण्याच्या गोळ्या घेऊन झालेली. पाळी तरुणपणापासूनच उशिरा यायची. ‘वर्षातून पाच-सहा वेळा, पण मला कधी त्याचा त्रास नव्हता हो डॉक्टर,’ असं त्यांनी सांगितलं, आणि निदानाचा निम्मा रस्ता तिथेच दिसायला लागला.

आधी काय काय झालं होतं? घराजवळच्या डॉक्टरांनी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यावर दोन दिवस बरं जायचं. मग दुसरीकडे नॉरएथिस्टेरॉनचे, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकाच्या गोळ्यांचे, तीन कोर्स झाले. गोळी चालू तोवर रक्त बंद, गोळी सोडली की पुन्हा सुरू. मधल्या काळात एक पोटावरून सोनोग्राफी. तिच्या रिपोर्टमध्ये चार ओळी होत्या: गर्भाशय आकाराने थोडं मोठं, आतल्या अस्तराची जाडी ११ मि.मी., दोन्ही अंडाशय नॉर्मल, आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘विशेष दोष नाही’. सासूबाईंचं, जावेचं आणि केंद्रावर पोळ्या लाटणाऱ्या बायकांचं मत एकच होतं, पाळी जायच्या वयात असं व्हायचंच. रिपोर्टने त्याच मतावर शिक्का मारला.

हे मत सरसकट खोटं नाही, म्हणूनच त्याची भीती वाटते. चाळिशीच्या शेवटी अंडं दर महिन्याला सुटत नाही, त्यामुळे पाळी मागेपुढे होते, कधी जास्त जाते. पॉलिप (अस्तराचा कोंब), फायब्रॉइड (स्नायूची साधी गाठ), ॲडिनोमायोसिस (अस्तरासारख्या ग्रंथी गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं) ही कारणंही याच वयात भरपूर. २०११ साली फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने अनियमित रक्तस्रावाच्या कारणांचे जे नऊ कप्पे केले, त्यांतला एकच कप्पा कॅन्सर आणि कॅन्सरच्या आधीच्या बदलांचा आहे. बहुतेक बायका बाकीच्या आठांत बसतात. प्रश्न इतकाच, की समोरची बाई कोणत्या कप्प्यातली हे तिच्या वयावरून कळत नाही.

आकडा कुठून आला

अस्तराच्या जाडीचा जो आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलाय, तो पाळी पूर्ण गेलेल्या बायकांचा आहे. १९९५ साली स्कँडिनेव्हियातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्या ११६८ बायकांची खालून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी केली आणि मग प्रत्येकीचं क्युरेटिंग केलं, म्हणजे अस्तर खरवडून तपासलं. कॅन्सर निघालेल्या बायकांत सरासरी जाडी २१ मि.मी. होती आणि ५ मि.मी. पेक्षा पातळ अस्तरात एकही कॅन्सर नव्हता. तिथून पुढे ४ मि.मी. ची रेघ पक्की झाली. पाळी जाऊन वर्ष उलटलंय, रक्त गेलंय, खालून नीट केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मि.मी. किंवा त्याहून पातळ आहे, तर कॅन्सरची शक्यता शंभरात एकाहून कमी. अमेरिकेच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हेच पुन्हा सांगितलं, आणि सोबत एक अटही: रक्त पुन्हा पुन्हा जात राहिलं तर पातळ अस्तर असलं तरी त्याचा तुकडा काढून तपासा (बायोप्सी). कारण सिरस जातीचे आक्रमक कॅन्सर पातळ अस्तरातही असू शकतात.

आता या बाईंना हा नियम लावायचा कसा? त्यांची पाळी गेलेलीच नाही. पाळी गेली असं म्हणायला सलग बारा महिने कोरडे जावे लागतात. पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर महिनाभरात ३-४ मि.मी. पासून १४-१५ पर्यंत जाऊन परत येतं. पाळीनंतर पाचव्या दिवशी ११ मि.मी. आणि बाविसाव्या दिवशी ११ मि.मी. यांचा अर्थ एक नाही. त्यातून त्या नॉरएथिस्टेरॉनवर असताना मोजलेले ११ म्हणजे आणखी तिसरंच. रिपोर्टमध्ये ना पाळीची तारीख होती, ना गोळ्यांचा उल्लेख. दोष एकट्या सोनोग्राफी करणाऱ्यावर ढकलता येणार नाही. पाठवलेल्या चिठ्ठीवर फक्त ‘यूएसजी पेल्व्हिस’ लिहिलं होतं. कशासाठी, किती दिवसांपासून, कोणत्या गोळ्यांवर, काही नाही. जे विचारलंच नाही त्याचं उत्तर रिपोर्टमध्ये कुठून येणार?

आणि मुळात या वयात, या इतिहासावर, सोनोग्राफीतून ‘बायोप्सी करायची की नाही’ हे ठरवायचंच नव्हतं. ४५ च्या पुढच्या बाईला अनियमित रक्तस्राव असेल तर अस्तराचा तुकडा तपासणं ही पहिल्या फळीतली तपासणी मानतात. आपल्याकडे अनेक जण चाळिशीपासूनच ती रेघ ओढतात. लठ्ठपणा, मधुमेह, आयुष्यभर उशिरा येणारी पाळी यांपैकी काही असेल तर वयाची वाटही पाहत नाहीत. बाईंकडे तिन्ही होतं.

कारण साधं आहे. अंडं सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन बनत नाही. इस्ट्रोजेन मात्र बनत राहतं, आणि पोटावरच्या चरबीतलं ॲरोमाटेज हे विकर पुरुषी संप्रेरकांपासून आणखी इस्ट्रोजेन तयार करतं. म्हणजे अस्तराला वाढायचा हुकूम रोज, थांबायचा कधीच नाही. बाहेरून नुसतं इस्ट्रोजेन दिलं तरी हेच होतं, हे १९७५ च्या शेवटी आलेल्या अभ्यासांनी दाखवलं आणि मग गर्भाशय असलेल्या बाईला रजोनिवृत्तीच्या उपचारात प्रोजेस्टेरॉनची जोड देणं सक्तीचं झालं. या बाईंच्या शरीरात तो प्रकार तीस वर्षं आतूनच चालला होता.

तपासणीचा दिवस

बाई लिटरभर पाणी पिऊन, लघवी दाबून आल्या होत्या. दाराशेजारच्या ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखाली अवघडून बसलेल्या. ‘आधी लघवीला जाऊन या,’ म्हटल्यावर त्यांना पटेना. ‘अहो, मागच्या वेळी तर दोनदा परत पाठवलं होतं, भरली नाही म्हणून.’ पोटावरून बघताना मूत्राशय भरलेलं लागतं, कारण त्या पाण्यातूनच गर्भाशय दिसतं. खालून बघताना ते रिकामं हवं, नाहीतर गर्भाशय मागे ढकललं जातं आणि बाईलाही नकोसं होतं. पोटावर चरबीचा जाड थर असेल तर पोटावरून काढलेल्या चित्रात अस्तर म्हणजे एक धूसर पांढरा पट्टा, यापलीकडे फार काही कळत नाही.

खालून सोनोग्राफी म्हणजे काय हे आधीच्या कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं. बोटापेक्षा थोडा जाड प्रोब, त्यावर नवीन कंडोम आणि जेल, पडदा, सोबत सिस्टर, आणि ‘दुखलं तर लगेच सांगा, थांबवू’ हे शब्द. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं दिली नाहीत तर बाई अंग आखडून घेते, चित्र खराब येतं, आणि रिपोर्टमध्ये ‘मर्यादित तपासणी’ लिहून आपण मोकळे होतो.

प्रोब हातात घेण्याआधी दोन गोष्टी उरकल्या. एक, लघवीची गर्भचाचणी. बाई हसल्या, ‘या वयात?’ पण पाळी चालू आहे तोवर ती करायचीच. दोन, स्पेक्युलम हे उघडून बघायचं साधन घालून पिशवीचं तोंड बघितलं आणि तिथल्या पेशींचा नमुना (स्मिअर) घेतला. आपल्याकडे गर्भाशयमुखाचा कॅन्सर अस्तराच्या कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. सोनोग्राफीच्या नादात डोळ्यांनी दिसणारी जखम राहून जाणं परवडणारं नाही. तोंड स्वच्छ होतं, रक्त आतून येत होतं.

आता स्क्रीनवर काय दिसलं ते सविस्तर सांगायला हवं, कारण या प्रकरणाचा सगळा भार तिथे आहे.

गर्भाशय मागे झुकलेलं आणि फुगीर, मागची भिंत पुढच्या भिंतीपेक्षा जाड. त्या भिंतीत पंख्यासारख्या सावल्या आणि द्रव भरलेल्या बारीक पोकळ्या, म्हणजे ॲडिनोमायोसिस सोबतीला होताच. अस्तर उभ्या छेदात, सर्वांत जाड जागी, मधल्या रेघेला काटकोनात, दोन्ही थर मिळून मोजायचं असतं. आत पाणी साचलं असेल तर ते वगळून. पण इथे काटकोन कशाशी करायचा? मधली रेघच दिसत नव्हती. जाडी १४.२ मि.मी. भरली. नुसता हा आकडा हातात घेतला तर अंडं सुटल्यानंतरच्या आठवड्यातलं नॉर्मल अस्तरही तेवढं असतं.

पण ते अस्तर एकसारखं पांढरं असतं आणि त्याची कड स्वच्छ असते. यांचं अस्तर डाव्या कोपऱ्याकडे चितकबरं होतं. पांढऱ्यात राखाडी बेटं, कडा वेड्यावाकड्या. २०१० मध्ये आयईटीए या आंतरराष्ट्रीय गटाने अस्तराचं वर्णन करायची एक सामाईक भाषा ठरवली, तिच्यात याला असमान प्रतिध्वनी म्हणतात. त्याच भाषेत दुसरा प्रश्न येतो तो अस्तर आणि स्नायू यांच्यामधल्या सीमेचा. निरोगी गर्भाशयात तिथे एक बारीक काळसर किनार असते, सलग. प्रोब हळूहळू एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवत नेला, तर उजवीकडे आणि मध्यावर ती किनार शाबूत होती, डाव्या कोपऱ्यात मागच्या भिंतीवर साधारण दीड सेंटिमीटरभर तुटलेली. मधल्या छेदावरच चित्र गोठवून जाडी मोजली असती तर हे तुटणं फ्रेममध्ये आलंच नसतं. घाईच्या ओपीडीत नेमकं हेच होतं: एक छेद, दोन क्रॉस, एक आकडा, पुढचा नंबर.

मग रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारं कलर डॉप्लर. मशीनची सेटिंग प्रसूतीच्या तपासणीची असेल तर अस्तरातला मंद प्रवाह दिसतच नाही; पीआरएफ, म्हणजे ध्वनिस्पंद सोडण्याचा वेग, ०.६ किलोहर्ट्झपर्यंत खाली आणावा लागतो. पॉलिप असेल तर सहसा एकच मुख्य रक्तवाहिनी देठातून आत शिरताना दिसते. फायब्रॉइडच्या भोवती कडं दिसतं. इथे तुटलेल्या किनारीच्या बाजूने वेगवेगळ्या ठिकाणांहून बऱ्याच वाहिन्या आत शिरत होत्या. किती रक्त खेळतंय याचा, म्हणजे रंगाचा, गुण चारपैकी तीन. अशी अनेक मुळांची रक्तवाहिन्यांची रचना, असमान अस्तर आणि तुटलेली सीमा एकत्र दिसली की जाडी १४ आहे की ९, याला फारसं महत्त्व उरत नाही.

सलाइन सोडून सोनोग्राफी करावी का, असं सोबतच्या ज्युनिअरने विचारलं. पॉलिप की सरसकट जाड अस्तर, असा घोळ असेल तर ती उत्तम तपासणी आहे. इथे तुकडा घ्यायचा हे ठरलेलंच होतं, रक्तही चालू होतं. नाही केली.

तुकडा आला, पण पटला नाही

त्याच दिवशी ओपीडीत पिपेलने अस्तराचा नमुना घेतला. बारीक नळी, भूल लागत नाही, पाळीसारखी कळ येते आणि जाते. पाचव्या दिवशी रिपोर्ट: नमुना तुटपुंजा, संप्रेरकांच्या गोळ्यांचा परिणाम दिसतो, कॅन्सर आढळला नाही.

बाईंचे मिस्टर तो कागद घेऊन खुशीत आले. सोनोग्राफीत शंका, बायोप्सीत कॅन्सर नाही; आता कुणाचं खरं? बहुतेकांना वाटतं बायोप्सीचं, कारण ती शेवटचा शब्द. कॅन्सर ‘आहे’ असं ती म्हणाली तर तो शेवटचा शब्द खराच. ‘आढळला नाही’ म्हणाली तर आधी विचारायचं, नळी पोचली कुठे होती? काढून टाकलेल्या गर्भाशयांवर केलेल्या एका तुलनेत पिपेलने अस्तराचा सरासरी ४ टक्केच पृष्ठभाग खरवडला गेला होता. कॅन्सर सगळीकडे पसरलेला असेल तर तेवढं पुरतं आणि पिपेल छान काम करतं. एका कोपऱ्यात असेल तर ते नशिबावर. पूर्ण भूल देऊन केलेल्या क्युरेटिंगची गोष्टही फार वेगळी नाही. १९७५ च्या एका अभ्यासात क्युरेटिंग करून लगेच गर्भाशय काढलेल्या बायकांत बघितलं, तर ६० टक्क्यांमध्ये निम्म्याहून कमी पोकळी खरवडली गेलेली होती. आपल्याकडे ‘क्युरेटिंग केलंय, साफ आहे’ या वाक्यावर वर्षानुवर्षं निर्धास्त राहिलेल्या बायका भेटतात. मला ते वाक्य ऐकलं की कधी केलं आणि रिपोर्ट कुठे आहे, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. बऱ्याचदा तुकडा तपासायला पाठवलेलाच नसतो.

शिवाय नॉरएथिस्टेरॉन. या गोळ्यांनी अस्तराचं रूप बदलतं. ग्रंथी आक्रसतात, आणि पॅथॉलॉजिस्टला कमी दर्जाचा बदल ओळखणं अवघड होतं. मी पॅथॉलॉजिस्टना फोन करून गोळ्यांचा इतिहास आणि डाव्या कोपऱ्यातलं चित्र सांगितलं. त्यांचंही म्हणणं पडलं, हा नमुना ‘नाही’ म्हणायला पुरेसा नाही, दुसरा द्या. मिस्टरांना हे समजावणं जड गेलं. ‘रिपोर्ट चांगला आलाय तरी ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचं?’ त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

हिस्टेरोस्कोपीत दुर्बीण आत गेल्यावर मधली पोकळी फिकट, गुळगुळीत. डाव्या कोपऱ्यात मागच्या भिंतीवर शेवाळ्यासारखी झिपरी वाढ, हात लागताच रक्त येणारी, वर नागमोडी वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या. सोनोग्राफीत किनार तुटलेली दिसली होती तीच जागा. समोर बघून तिथलाच तुकडा घेतला, बाकीच्या अस्तराचा वेगळ्या बाटलीत. यावेळी रिपोर्ट स्पष्ट होता: एंडोमेट्रिऑइड, म्हणजे अस्तराच्या नेहमीच्या जातीचा कॅन्सर, ग्रेड १, सर्वांत कमी आक्रमक. दुसऱ्या बाटलीत साधं अस्तर.

पुरण किती शिरलंय

‘पिशवी काढली की संपलं ना?’ हा पुढचा प्रश्न. ग्रेड १ मध्ये बहुतेकदा हो. पण आधी तीन गोष्टी बघायच्या असतात: कॅन्सर स्नायूत निम्म्यापेक्षा जास्त खोल गेलाय का, पिशवीच्या तोंडात उतरलाय का, आणि बाहेर कुठे गाठी आहेत का. बाईंना मी पोळीच्याच भाषेत सांगितलं. पुरण कणकेत शिरलंय हे नक्की, आता ते अर्ध्या पारीपर्यंतच आहे की बाहेरच्या कडेला आलंय, ते बघायचंय. त्यांना ते चटकन कळलं. उलट त्यांनीच विचारलं, ‘पारी मुळातच जाड-बारीक असली तर कसं मोजणार?’

नेमकी हीच अडचण होती. मागची भिंत ॲडिनोमायोसिसने आधीच बिघडलेली. या आजारात अस्तरासारख्या ग्रंथी स्नायूत शिरलेल्या असतात. कॅन्सर त्या ग्रंथींच्या बोळांतून आत गेला तर चित्रात तो खोल गेल्यासारखा दिसतो, पण त्याने स्नायू भेदलेला नसतो. आजाराचा टप्पा ठरवताना ॲडिनोमायोसिसमध्ये पसरलेला भाग खोली म्हणून धरत नाहीत.

मी पुन्हा खालून सोनोग्राफी केली, फक्त टप्पा ठरवण्यासाठी. गाठ ३१ मि.मी. लांब, डाव्या कोपऱ्यापासून खाली. सर्वांत खोल जागी बाहेरच्या आवरणापर्यंत न बिघडलेला स्नायू ११ मि.मी. उरलेला. माझा अंदाज निम्म्याहून कमी. पिशवीचं तोंड मोकळं. एमआरआयचा अंदाज उलट आला: मागच्या भिंतीत निम्म्याहून खोल असण्याची शंका; लसिका गाठी वाढलेल्या नाहीत. अनुभवी हातांत खोली ठरवायला खालून केलेली सोनोग्राफी एमआरआयच्या जवळपास जाते, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. ॲडिनोमायोसिस असेल तर मात्र दोन्ही चकतात. या मतभेदात कोण जिंकतं याची उत्सुकता मला होती, हे नाकारत नाही. पण बाईंच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की दोन्ही शक्यता धरून ऑपरेशन आखायचं.

ट्यूमर बोर्डात, म्हणजे कॅन्सरच्या वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, तसंच ठरलं. दुर्बिणीतून गर्भाशय, दोन्ही नळ्या आणि अंडाशय काढायचे. पिशवीच्या तोंडाशी आयसीजी हा हिरवा रंग टोचून दोन्ही बाजूंच्या पहिल्या लसिका गाठी शोधून तपासायला द्यायच्या. सगळ्या गाठी सरसकट काढल्या तर नंतर पायांना सूज राहण्याची भीती असते, म्हणून ही पद्धत. फुगीर गर्भाशय खालून अख्खं निघेल का, ही चिंता होती. मोर्सेलेटर या यंत्राने आतच तुकडे करून काढणं कॅन्सरमध्ये चालत नाही. नाहीच निघालं तर पोटावर छोटा छेद घ्यायचा, हे संमतीपत्रात आधीच लिहिलं.

आधी तीन आठवडे साखर आणि रक्त सावरण्यात गेले. शिरेतून लोह दिलं, भूलतज्ज्ञांनी वजनामुळे डोकं खाली करून किती वेळ झोपवता येईल ते तपासलं. खर्चाचं महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं. कागदपत्रांची धावपळ मुलीने केली. त्या काळात केंद्र बंद राहिलं नाही, जाऊबाईंनी तवा सांभाळला. ऑपरेशन सरळ झालं, गर्भाशय एका थैलीत घालून खालून अख्खं निघालं, तिसऱ्या दिवशी बाई घरी.

शेवटचा रिपोर्ट

एंडोमेट्रिऑइड, ग्रेड १. खरी खोली स्नायूच्या ३० टक्के. बाहेरच्या निम्म्या भागात ॲडिनोमायोसिसच्या तीन बेटांत कॅन्सरच्या पेशी, पण भोवतीचा स्नायू शाबूत. एमआरआयने पाहिलं ते बहुधा हेच. म्हणजे एमआरआयला तिथे काही दिसलं हे चूक नव्हतं, त्याचा अर्थ चित्रावरून लागत नव्हता. रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही. दोन्ही बाजूंच्या लसिका गाठी स्वच्छ. २००९ च्या फिगो पद्धतीत टप्पा आयए, २०२३ च्या नव्या पद्धतीत आयए२; दोन्हींचा अर्थ सुरुवातीचा टप्पा.

त्यासोबत पेशींच्या दोन कसोट्या केल्या. पेशींची वाढ आवरणारं पी५३ हे प्रथिन न बिघडलेलं, आणि डीएनए दुरुस्त करणारी चारही प्रथिनं हजर. आता अस्तराच्या प्रत्येक कॅन्सरमध्ये या कराव्यात असं मत आहे, आणि ते योग्य आहे. पी५३ बिघडलेलं असतं तर ग्रेड १ असूनही आजार वेगळ्या पंक्तीत बसला असता. दुरुस्तीचं एखादं प्रथिन गायब असतं तर लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यात चालणारा आतड्याचा आणि अस्तराचा कॅन्सर, याचा शोध भावंडांपर्यंत न्यावा लागला असता. तसं काही निघालं नाही. किरणोपचार लागले नाहीत.

इथे एक वेगळा मुद्दा, कारण हे प्रकरण ऐकून लोक उलट्या टोकाला जातात. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये पोटाची सोनोग्राफी असते. त्यात पाळी जाऊन आठ वर्षं झालेल्या, कधी एक डागही न लागलेल्या बाईचं अस्तर ७ मि.मी. लिहून येतं आणि घरात रडारड सुरू होते. ४ मि.मी. ची रेघ रक्त गेलेल्या बाईची आहे. काहीही त्रास नसताना सापडलेल्या जाडीला ती लावत नाहीत. तिथे साधारण ११ मि.मी. च्या पुढे, किंवा अस्तराचं रूपच विचित्र असेल, किंवा वजन-मधुमेह असं काही असेल, तर पुढे जायचं. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी घेणाऱ्या बायकांत तर अस्तर त्या गोळीनेच जाड आणि बारीक पोकळ्यांचं दिसतं, त्यामुळे जाडी बघत बसण्यात अर्थ नाही; रक्त गेलं तर तुकडा, नाही गेलं तर शांत राहायचं.

बाई आता दर चार महिन्यांनी येतात. दर वेळी सोनोग्राफी करा असा मिस्टरांचा आग्रह असतो. तिची गरज नाही, आतून तपासणं आणि विचारपूस पुरते. खालून पुन्हा रक्त दिसलं, पायाला सूज आली, ओटीपोटात नवं दुखणं सुरू झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता यायचं. वजन ७९ पर्यंत आलंय, साखर अजून हवी तशी नाही.

मागच्या खेपेला सोबत मुलगी होती, वय २२. तिचीही पाळी अडीच-तीन महिन्यांनी येते, पीसीओएस (अंडं वेळेवर न सुटण्याचा अंडाशयाचा विकार) असल्याचं कॉलेजात असतानाच कळलंय, आणि ‘लग्न झालं की होईल सुरळीत’ असं तिला घरातून सांगितलं गेलंय. तिला आत्ता कॅन्सरची तपासणी नकोय. तीन महिन्यांच्या वर पाळी लांबू द्यायची नाही; लांबलीच तर प्रोजेस्टेरॉन देऊन आणायची, किंवा तिला पटलं तर गर्भनिरोधक गोळ्यांवर ठेवायचं. वजनाचं बघायचं, साखर वर्षातून एकदा. आधी ती म्हणाली आईसाठी आलेय, मग स्वतःचा केसपेपर काढून आली.